ऑटो लेव्हलने लेव्हल घेणे: बेंचमार्कपासून जोत्यापर्यंत

रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि काही वर्षांत शेजारचा प्लॉट खोलगट होतो. पावसाळ्यात अंगणात पाणी साचले की मग हिशेब सुरू होतो: जोते आणखी किती उचलायला हवे होते? गटाराचा पाइप उलट्या उताराने पडला असेल का? ही उत्तरे नजरेने मिळत नाहीत. चढउताराच्या जागी डोळा हमखास फसतो. लांबवर उतरत गेलेला रस्ता सपाट वाटतो आणि सपाट शेत चढाचे वाटते. त्यासाठी लेव्हल घ्यावी लागते. इथे एका छोट्या प्लॉटचे काम धरून ती कशी घ्यायची ते पायरीपायरीने सांगितले आहे. यंत्र साधे ऑटो लेव्हल आहे, म्हणजे तिवईवर बसवायची आडव्या नजरेची दुर्बीण; आज बहुतेक साइटवर हेच असते.

कल्पना एवढीच आहे

लेव्हल यंत्र एकच गोष्ट देते: क्षितिजसमांतर, आडवी नजर. त्या नजरेतून दोन जागी उभ्या धरलेल्या स्टाफवर, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या लांब पट्टीवर, वाचन घ्यायचे. दोन वाचनांतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. यंत्र स्वतः किती उंचीवर उभे आहे याने काही बिघडत नाही. ते टेकाडावर लावा की सखल जागी, फरक तोच येतो.

नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. वाचन मोठे म्हणजे जागा खाली. विहिरीत दोर जितका जास्त सोडावा लागतो तितके पाणी खोल असते, तसेच हे. स्टाफवर २.१४५ वाचले ती जागा १.८३० वाचलेल्या जागेपेक्षा ३१५ मिमी खाली आहे.

नुसत्या फरकांनी काम भागत नाही, म्हणून एका जागेची उंची ठरलेली धरतात आणि बाकी सगळ्या तिच्यावरून काढतात. अशा काढलेल्या उंचीला आरएल म्हणतात आणि ठरलेल्या उंचीच्या पक्क्या खुणेला बेंचमार्क. देशाच्या पातळीवर हा आधार सरासरी समुद्रसपाटीचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे लेव्हलचे पहिले मोठे जाळे १९०९ साली नऊ बंदरांवरच्या सरासरी समुद्रसपाटीला बांधले गेले. मुंबईचे बंदर त्यांपैकी एक, आणि अपोलो बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासून आहेत. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती याच आधाराची.

घर, कंपाउंड, अंतर्गत गटार अशा कामाला समुद्रसपाटीची गरज नसते. जवळची एखादी पक्की जागा निवडा आणि तिची उंची १००.००० मीटर धरा. शून्य धरू नका, कारण मग खालच्या जागांचे आरएल उणे येतात आणि वही लिहिताना चिन्ह सुटते. मात्र प्लॉट नदीजवळ असेल तर धरलेली उंची चालत नाही. पूररेषांच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. तिथली पातळी समुद्रसपाटीवरून दिलेली असते, त्यामुळे तुमची लेव्हलही त्याच आधारावर आणावी लागते. मोबाइलमधल्या जीपीएसची उंची यासाठी कधीही वापरू नका. एक तर ती काही मीटरने इकडेतिकडे असते. दुसरे म्हणजे उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली असते, समुद्रसपाटीवरून नव्हे. मुंबई-पुण्याच्या भागात या दोहोंत साठ मीटरांहून जास्त अंतर आहे.

बरोबर काय न्यावे

ऑटो लेव्हल, त्याची तिवई, ४ किंवा ५ मीटरचा अॅल्युमिनियमचा सरकता स्टाफ, स्टाफला लावायचा छोटा गोल बबल, लेव्हल बुक, पेन्सिल, ३० मीटर टेप, हातोडा, काँक्रीटचे खिळे, लाल रंग आणि खुंट्या. उन्हात काम असेल तर छत्री हवीच, आणि ती यंत्रासाठी. एका बाजूने ऊन तापले की तिवईचे पाय असमान फुगतात आणि बबल हळूहळू सरकतो.

निघण्यापूर्वी स्टाफ जमिनीवर आडवा ठेवून पूर्ण उघडा आणि शेजारी टेप लावा. प्रत्येक जोडावर पुढचा तुकडा बटणाचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बाहेर आला पाहिजे. जुन्या स्टाफची बटणे झिजतात आणि जोड एक-दोन मिलिमीटर खाली बसतो. एखादे बटण अडकलेच नाही तर वाचन सेंटिमीटरांनी चुकते. असा स्टाफ असेल तर फक्त खालच्या तुकड्यांवर वाचन येईल अशा बेताने काम करा.

यंत्र लावणे

तिवईचे पाय छातीच्या उंचीपर्यंत काढा, पसरवा आणि टोके जमिनीत पायाने दाबून रोवा. उतारावर दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे ठेवा, नाहीतर तिवई कलंडते. फरशीवर किंवा गुळगुळीत काँक्रीटवर टोके घसरतात, तिथे तिन्ही पायांना दोरीने एकत्र बांधा. तिवईचा माथा नजरेने जेवढा आडवा करता येईल तेवढा पाय सरकवूनच करा. सगळे काम यंत्राच्या तळाच्या तीन फूट स्क्रूंवर टाकले की ते एका बाजूला संपतात.

यंत्र बसवून मधला स्क्रू आवळा. मग दोन फूट स्क्रू दोन्ही हातांत धरून एकाच वेळी विरुद्ध दिशांना फिरवा. बबल डाव्या अंगठ्याच्या दिशेने जातो. तो दोघांच्या मध्यरेषेवर आला की तिसऱ्या स्क्रूने गोलाच्या आत आणा. आता टेलिस्कोप अर्धा फेरा फिरवून पाहा. बबल गोलातच राहिला तर ठीक. बाहेर गेला तर जेवढा गेला त्याच्या अर्धा फूट स्क्रूने मागे आणायचा आणि उरलेला अर्धा बबलच्या स्वतःच्या बारीक स्क्रूंनी.

ऑटो लेव्हलच्या पोटात बारीक तारांवर लटकलेला कॉम्पेन्सेटर असतो. बबल गोलाच्या आत असेल तोवर उरलेला थोडा कल तो स्वतः भरून काढतो. जुन्या डंपी लेव्हलला प्रत्येक वाचनाआधी लांब बबल तपासावा लागे, ते काम यामुळे वाचले. पण कॉम्पेन्सेटर अडकू शकतो, विशेषतः यंत्र आपटले असेल किंवा आत दमट हवा गेली असेल तर. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: टेलिस्कोपमध्ये दिसणारी आडवी तार स्टाफवर ठेवून तिवईच्या पायावर बोटाने हलकी टिचकी मारा. प्रतिमा थरथरून पुन्हा त्याच वाचनावर आली पाहिजे. मग स्टाफच्या दिशेकडचा फूट स्क्रू किंचित फिरवा. बबल गोलात असेपर्यंत वाचन बदलता कामा नये. बदलत असेल तर ते यंत्र त्या दिवशी वापरू नका.

वाचन घेणे

आधी तारा स्पष्ट करायच्या. टेलिस्कोपच्या तोंडापुढे पांढरा कागद धरा आणि आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) फिरवत तारा काळ्याभोर दिसेपर्यंत आणा. मग स्टाफकडे रोखून फोकसच्या नॉबने आकडे स्पष्ट करा. आता डोळा वरखाली हलवून पाहा. तार स्टाफवर सरकताना दिसली तर फोकस अजून बरोबर नाही, आणि त्याच स्थितीत वाचन घेतले तर डोळ्याच्या जागेप्रमाणे वाचन बदलत राहील. माणूस बदलला की आयपीस पुन्हा जुळवावा लागतो, कारण प्रत्येकाची नजर वेगळी.

स्टाफवरच्या खुणा शांतपणे समजून घ्या. काळे-पांढरे ठोकळे प्रत्येकी १ सेंटिमीटरचे असतात. पाच सेंटिमीटरांत तीन काळे आणि दोन पांढरे ठोकळे, एका बाजूने जोडलेले, इंग्रजी ई अक्षरासारखे दिसतात. डेसिमीटर आकड्याने लिहिलेले असतात. १.३६५ वाचायचे तर १ मीटर, मग ३ चा आकडा, त्या रेघेपासून वर सहा पूर्ण ठोकळे, आणि सातव्या ठोकळ्याच्या निम्म्यावर तार. शेवटचे मिलिमीटर अंदाजानेच घ्यायचे असतात, खुणा तेवढ्या बारीक नसतात. ती रेघ आकड्याच्या तळाशी धरायची की मध्याशी, हे स्टाफागणिक वेगळे असते. नवा स्टाफ हाती आला की टेप लावून एकदा खात्री करून घ्या. इथली चूक बरोबर ५ किंवा १० सेंटिमीटरची होते आणि वहीत ती ओळखू येत नाही.

मधल्या तारेच्या वर-खाली दोन छोट्या तारा असतात. सुरुवातीच्या काळात तिन्ही वाचायची सवय लावा. वरची १.५६७ आणि खालची १.१६३ असेल तर त्यांची सरासरी १.३६५ येते, म्हणजे मधले वाचन बरोबर. दोघींतला फरक ०.४०४ गुणिले १०० म्हणजे ४०.४ मीटर, हे स्टाफपर्यंतचे अंतर. एकाच वेळी वाचन तपासले गेले आणि टेप न लावता अंतरही मिळाले. हे अंतर पुढे फार कामाला येते.

स्टाफ ओळंब्यात उभा असला पाहिजे. तो पुढे झुकला काय की मागे, वाचन खऱ्यापेक्षा जास्तच येते. ४ मीटर स्टाफचा माथा २० सेंटिमीटर कलला आणि वाचन ३.५ मीटरवर असले तर चूक चार मिलिमीटरांहून जास्त. तोच कल असताना वाचन अर्ध्या मीटरवर असेल तर चूक एक मिलिमीटरही नाही. म्हणून वाचन मोठे असेल तेव्हा जास्त जपा. स्टाफला बबल नसेल तर स्टाफ धरणाऱ्याने तो यंत्राच्या दिशेने सावकाश पुढेमागे झुलवावा, सगळ्यात लहान वाचन ते खरे. मात्र लहान वाचनांना हा उपाय लावू नका. झुलवताना स्टाफचा तळ मागच्या कडेवर उचलला जातो आणि वाचन उलट फसवे येते.

बॅकसाइट, फोरसाइट आणि वही

आपल्या उदाहरणात बेंचमार्क आहे रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर. त्याची उंची १००.००० धरली. प्लॉट तिथून दीडशे-पावणेदोनशे मीटर. एका जागेवरून दोन्हीकडे दिसत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने जायचे.

यंत्र लावल्यावर उंची माहीत असलेल्या जागेवरचे पहिले वाचन ते बॅकसाइट. बेंचमार्कच्या उंचीत ते मिळवले की यंत्राच्या नजरेची उंची येते, तिला एचआय म्हणतात. इतर कुठलेही वाचन एचआयमधून वजा केले की त्या जागेचा आरएल. यंत्र उचलण्यापूर्वीचे शेवटचे वाचन ते फोरसाइट, आणि ते ज्या जागेवर घेतले तो चेंज पॉइंट. यंत्र पुढे नेले की त्याच जागेवर पुन्हा बॅकसाइट घ्यायचे. मधली सगळी वाचने इंटरमीडिएट.

| जागा | बॅकसाइट | मधले | फोरसाइट | एचआय | आरएल |
|---|---|---|---|---|---|
| बेंचमार्क, मोरीचा कठडा | १.३६५ | | | १०१.३६५ | १००.००० |
| रस्त्याचा मध्य | | १.०२० | | | १००.३४५ |
| चेंज पॉइंट १ | १.५८५ | | ०.९४० | १०२.०१० | १००.४२५ |
| प्लॉटचा ईशान्य कोपरा | | १.८३० | | | १००.१८० |
| प्लॉटचा नैर्ऋत्य कोपरा | | २.१४५ | | | ९९.८६५ |
| गटाराच्या चेंबरचा तळ | | २.९६० | | | ९९.०५० |
| टीबीएम (तात्पुरता बेंचमार्क), विहिरीचा कट्टा | १.२०५ | | १.१२० | १०२.०९५ | १००.८९० |
| चेंज पॉइंट २ | ०.९८५ | | १.६५५ | १०१.४२५ | १००.४४० |
| बेंचमार्कवर परत | | | १.४२१ | | १००.००४ |

चेंज पॉइंटची ओळ नीट पाहा. त्याच ओळीत फोरसाइट आणि बॅकसाइट दोन्ही आहेत, कारण जागा एकच आहे आणि यंत्र मात्र दोन वेगळ्या ठिकाणी होते. सगळी साखळी या जागेवर लटकलेली असते. म्हणून चेंज पॉइंट मऊ मातीवर, गवतावर किंवा हलत्या दगडावर घेऊ नका. पुरलेला मैलाचा दगड, कठड्याचा कोपरा, काँक्रीटमध्ये ठोकलेल्या खिळ्याचे डोके अशी जागा घ्या. सपाट फरशीवर घ्यायचा झाला तर खडूने खूण करा. यंत्र पुढे जाईपर्यंत स्टाफवाल्याने जागा सोडायची नाही, फक्त स्टाफचे तोंड यंत्राकडे वळवायचे. स्टाफचा तळ प्रत्येक वेळी पुसा, चिखलाचा थर दोन-तीन मिलिमीटर सहज खातो.

वहीत पेन्सिलने लिहा आणि खोडरबर वापरू नका. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून वर नवा लिहा. आकडा वाचणाऱ्याने मोठ्याने सांगावा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणावा. १.३६५ चा १.६३५ असाच होतो.

पान पुरे झाले की बॅकसाइटची बेरीज ५.१४०, फोरसाइटची ५.१३६, फरक ०.००४. शेवटचा आरएल उणे पहिला, तोही ०.००४. दोन्ही जुळले म्हणजे बेरीज-वजाबाकी बरोबर. वाचने बरोबर आहेत असे यावरून ठरत नाही. ते सांगते परत येऊन मिळालेली तफावत: बेंचमार्क १००.००० होता, परतताना १००.००४ आला. ४ मिलिमीटर जास्त.

बांधकामाच्या चांगल्या कामाला चालणारी तफावत १२ मिमी गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचे वर्गमूळ अशी धरतात. जाऊन-येऊन ३२० मीटर झाले, तर ०.३२ चे वर्गमूळ ०.५६६ आणि मर्यादा ६.८ मिमी. आपली तफावत तिच्या आत आहे. चार वेळा यंत्र लावले, तर दर वेळेला १ मिमी वजा करायचे. टीबीएम दोन टप्प्यांनंतर आला म्हणून तो १००.८८८ धरायचा. कोपऱ्यांच्या मातीला एका मिलिमीटरचा काही अर्थ नाही, ते आकडे तसेच राहू द्या. तफावत मर्यादेबाहेर असेल तर ती वाटून टाकू नका, लाइन पुन्हा चालवा.

मधल्या वाचनांबाबत एक धोका आहे. चेंबरच्या तळाचे २.९६० चुकून २.८६० वाचले असते तरी तफावत ४ मिमीच आली असती, कारण साखळी त्या जागेवरून जात नाही. ज्या मधल्या वाचनावर पुढचे काम अवलंबून आहे ते यंत्र दुसऱ्या जागी लावून पुन्हा घ्या. आकडेमोडीपुरता इलाज म्हणजे एचआयऐवजी चढ-उताराची पद्धत: लगतच्या दोन वाचनांचा फरक काढत जायचा. १.३६५ वरून १.०२० म्हणजे ०.३४५ चढ, १.०२० वरून ०.९४० म्हणजे ०.०८० चढ. यात मधल्या ओळींची वजाबाकीही शेवटच्या तपासणीत येते. बरीच मधली वाचने असतील तर एचआय झटपट होते. कमी असतील आणि काम नाजूक असेल तर चढ-उताराची पद्धत घ्यावी.

मागचे आणि पुढचे अंतर सारखे का

या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते इथे. यंत्राची नजर तंतोतंत आडवी क्वचितच असते. प्रवासात हादरे बसून ती किंचित वर किंवा खाली झुकते. समजा ती दर मीटरला ०.१ मिमी वर जाते. मागे ४० मीटर आणि पुढे ४० मीटर असेल तर दोन्ही वाचने ४ मिमीने जास्त येतात आणि वजाबाकीत चूक उडून जाते. मागे ६० आणि पुढे २० असेल तर एकात ६ आणि दुसऱ्यात २, म्हणजे ४ मिमी चूक फरकात राहते.

चढावर हे आपोआप घडते. वरची जमीन लवकर नजरेला भिडते, म्हणून पुढचे अंतर आखूड आणि मागचे लांब. दहा टप्प्यांत ४० मिमी जमा होतात. यातली खरी फसवणूक पुढेच आहे. त्याच वाटेने उतरताना मागचे आखूड आणि पुढचे लांब होते, चूक तितकीच पण उलट दिशेने येते, आणि बेंचमार्कवर तफावत जवळपास शून्य दिसते. वहीत सगळे जुळलेले आणि माथ्याची उंची चार सेंटिमीटरने चुकलेली. म्हणून नुसत्या क्लोजिंगवर, म्हणजे बेंचमार्कवर परत येऊन आकडा जुळण्यावर, विसंबू नका. दोन्ही तारांवरून अंतर काढा आणि पुढचा चेंज पॉइंट मागच्याइतक्याच अंतरावर निवडा. चढावर यंत्र सरळ रेषेत न लावता बाजूला सरकून लावले की अंतरे जुळवता येतात. टप्पे वाढतात, ते वाढू द्या.

अंतरे सारखी ठेवली की पृथ्वीच्या गोलाईचा आणि हवेतल्या वक्रीभवनाचा परिणामही उडून जातो. दोन्ही मिळून चूक किलोमीटरमधल्या अंतराच्या वर्गाला ०.०६७३ ने गुणून मीटरमध्ये येते: ५० मीटरला ०.२ मिमी, १०० मीटरला ०.७ मिमी, ३०० मीटरला ६ मिमी. रोजच्या कामात ४०-५० मीटरच्या पुढे जाऊच नये. त्यापलीकडे दुपारच्या उन्हात आकडे नाचू लागतात. तापलेल्या डांबराजवळून जाणारी नजर सगळ्यात वाईट. नजर जमिनीपासून निदान अर्धा मीटर वर राहील असे बघा.

दोन खुंट्यांची तपासणी

यंत्र किती झुकले आहे हे कुठल्याही साइटवर पंधरा मिनिटांत कळते. सपाट जागी ६० मीटर अंतरावर अ आणि ब अशा दोन खुंट्या पक्क्या ठोका. यंत्र बरोबर मध्ये लावा. समजा अ वर १.४८२ आणि ब वर १.२१५ आले. फरक ०.२६७, ब उंच. अंतरे सारखी असल्यामुळे यंत्र बिघडलेले असले तरी हा फरक खरा.

आता यंत्र ब च्या पलीकडे ३ मीटरवर, त्याच रेषेत न्या. ब वर १.३९० आले. इतक्या जवळून चूक नगण्य, म्हणजे अ वर १.३९० अधिक ०.२६७ असे १.६५७ यायला हवे. प्रत्यक्षात १.६६३ आले. नजर ६० मीटरला ६ मिमी वर जाते आहे.

फरक ३ मिमीच्या आत असेल तर अंतरे सारखी ठेवून काम करावे. जास्त असेल तर दुरुस्ती करा: आयपीसजवळचे झाकण काढा, आतला छोटा स्क्रू पिनने अगदी थोडा फिरवा आणि आडवी तार अ वर १.६५७ ला आणा. मग पूर्ण तपासणी नव्याने करा. स्क्रू आवळताना जोर लावला तर तारांची काच तडकते, म्हणून हात बसलेला नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. भाड्याने आणलेल्या यंत्राची ही तपासणी पहिल्या दिवशी सकाळी कराच.

जोत्याची आणि गटाराची लेव्हल देणे

आतापर्यंत जमिनीच्या उंच्या काढल्या. आता उलट: उंची ठरलेली आहे, ती जागेवर दाखवायची. रस्त्याचा मध्य १००.३४५, प्लॉटचे कोपरे त्याहून १६५ आणि ४८० मिमी खाली. जोते रस्त्यापेक्षा ६०० मिमी वर ठेवायचे ठरले, म्हणजे १००.९४५.

यंत्र प्लॉटवर लावा. टीबीएमवर बॅकसाइट १.३१२, एचआय १०२.२००. जोत्यासाठी स्टाफवर वाचन हवे १०२.२०० उणे १००.९४५, म्हणजे १.२५५. स्टाफ कॉलमच्या बाजूला टेकवून वरखाली सरकवा. १.२५५ आले की स्टाफच्या तळाशी पेन्सिलची रेघ मारा. सगळ्या कॉलमांवर अशाच रेघा, आणि शेवटी टीबीएमवर पुन्हा वाचन. १.३१२ च आले पाहिजे. मध्येच कोणाचा पाय तिवईला लागला असेल तर ते इथेच कळते. मिस्त्रीला रेघ देताना ती तयार फरशीची आहे की काँक्रीटच्या माथ्याची, हे रेघेशेजारी रंगाने लिहा. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून पाच-सात सेंटिमीटर होतात आणि याच एका गैरसमजाने उंबरठे चुकतात.

गटाराचा पाइप घराच्या पहिल्या चेंबरपासून मुख्य चेंबरपर्यंत २४ मीटर, उतार १०० ला १. मुख्य चेंबरचा तळ पुन्हा वाचा, ३.१५० आले म्हणजे ९९.०५० ची खात्री झाली. घराकडचे टोक २४० मिमी वर, ९९.२९०, वाचन २.९१०. दर ६ मीटरला स्टाफ ठेवून ३.१५०, ३.०९०, ३.०३०, २.९७० आणि २.९१० असे वाचन यावे. हे पाइपच्या आतल्या तळाचे आकडे आहेत. चराचा तळ त्याहून पाइपची जाडी आणि खालच्या बिछान्याइतका खोल खणायचा, म्हणजे तिथले वाचन तेवढ्याने जास्त.

बीमचा तळ तपासताना स्टाफ उलटा धरून त्याचा तळ बीमला टेकवा. हे वाचन एचआयमध्ये मिळवायचे असते, वहीत त्यापुढे उणे चिन्ह लिहा. उलट्या स्टाफवर १.७४५ आले तर बीमचा तळ १०३.९४५, म्हणजे जोत्यापासून बरोबर ३ मीटर.

टीबीएम सांभाळणे

काम महिनोन्‌महिने चालते आणि सगळी उंची टीबीएमवरून घेतली जाते. तो कंपाउंडच्या नव्या भिंतीवर, झाडाच्या मुळावर किंवा विटांच्या ढिगाऱ्याशेजारी घेऊ नका. विहिरीचा जुना कट्टा, जुन्या इमारतीची पायरी, पुलाचा कठडा अशी वर्षानुवर्षे बसलेली जागा हवी. काळ्या मातीत ठोकलेली खुंटी तर कधीच नको. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि खुंटीला सोबत वरखाली नेते. मोकळ्या काळ्या जमिनीत टीबीएम करायचाच असेल तर मुरुमापर्यंत खड्डा घ्या, काँक्रीट भरा आणि माथ्यावर गोल डोक्याचा खिळा बसवा.

वहीच्या पहिल्या पानावर टीबीएमचे रेखाचित्र काढा: कोणत्या कोपऱ्यावर, कोणत्या दोन पक्क्या जागांपासून टेपने किती अंतरावर, आरएल किती, कोणत्या तारखेला. दुसरा टीबीएम प्लॉटच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि दोघांतला फरक महिन्यातून एकदा तपासा. फरक बदलला की कोणता हलला हे मोरीच्या कठड्यावरून काढा. पावसाळा संपल्यावर ही तपासणी पुन्हा करा. तोवर जोत्याच्या वरची कोणतीही नवी लेव्हल देऊ नका.